चांगला पाइंट तिथं जेवण नाही : आयर्लंडातल्या पबांबद्दल, देवळी तालुक्यातून

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. आयर्लंडात चांगला पाइंट, म्हणजे तिथला बीअरचा मोठा ग्लास, प्यायचा असेल तर ज्या पबनं जेवणाचा मोठा फळा दाराबाहेर मांडलाय, खिडकीत हिरव्या टोप्या विकायला टांगल्यात आणि दुपारी दोनलाच कोणी माइकवर गाणं म्हणतंय, तिथं शिरू नका. आणि भूक लागली असेल तर चांगल्या पाइंटच्या पबात जाऊ नका. पिणं आणि जेवण एकाच टेबलावर, ही आपली परमिट रूमची सवय. तिथं ती चालत नाही. अपवाद आहेत, ते पुढं येतील.

मी देवळी तालुक्यात कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खत, फवारणीची औषधं. लेक डब्लिनला नर्स आहे, जावई तिथंच एका कंपनीत. कापूस विकून झाला, तूर घरात आली, मग आम्ही नवरा-बायको उन्हाळाभर त्यांच्याकडं जाऊन राहिलो. परत आल्यापासून पानठेल्यावर एकच विषय : "भाऊ, थे तिकडची काळी बीअर कशी हाय?" काळी बीअर म्हणजे गिनीज, त्याच नावाच्या कंपनीची. कोणी तिथली हवा विचारत नाही, कोणी लेक सुखात आहे का विचारत नाही. रोज तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून टाकतो.

वाचणारा पुण्या-मुंबईचा असेल तर एवढं ध्यानात असू द्या की वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आमच्याकडं, पवनार आमच्याकडं, गांधीजी-विनोबांचा मान राखायचा म्हणून. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे आम्हाला राजरोस बारमध्ये बसायचं तर वर्धा नदी ओलांडून कळंबकडं, यवतमाळ जिल्ह्यात जावं लागतं, नाहीतर पुलगावहून पलीकडं अमरावती जिल्ह्यात. बंदी असून गावात काय काय मिळतं ते इथं लिहायचं कारण नाही. सांगायचं एवढंच की माझं बीअरचं शिक्षण सगळं नदीपलीकडचं. साडेसहाशे मिलिची स्ट्राँगची बाटली, आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, दात शिवशिवतील इतकी गार, आणि सोबत न मागता आलेला चखना. शेंगदाणे, फुटाणे, काकडी, कधी उकडलेल्या चण्यांवर कांदा-सांभार, म्हणजे कोथिंबीर. या पार्श्वभूमीवर पुढचं वाचा.

पहिला पाइंट वाईट निघाला. जावई हौसेनं टेंपल बारला घेऊन गेला. हे एका पबचंही नाव आहे आणि त्या सगळ्या भागाचंही. भागात पब भरपूर. आम्ही ज्यात शिरलो त्याचं नाव लिहीत नाही. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि निम्मी माणसं ग्लासाचे फोटो काढत होती. काउंटरवरच्या पोरानं ग्लास नळाखाली धरला आणि एका दमात भरून पुढं सरकवला. ग्लास नुकताच धुण्याच्या मशीनमधून काढलेला, हाताला गरम लागत होता. फेसात मोठमोठे बुडबुडे. अर्ध्यावर येईस्तोवर फेस गायब, आणि खाली उरलं ते कडवट काळं पाणी. भाव दहा युरोच्या आसपास. युरोचे शंभरेक रुपये धरा आणि हिशेब करा. त्या पैशात आमच्याकडं मजुराचा दोन दिवसांचा रोज निघतो. जावयाचं तोंड उतरलं. मी म्हणालो, छान आहे.

तो मनातून समजला असावा, कारण त्यानंतर त्यानं मला ग्लासनेविनला नेलं. डब्लिनच्या उत्तर भागात मोठं कब्रस्तान आहे, त्याच्या भिंतीला लागून जॉन कॅव्हनाचा पब. १८३३ पासूनचा. लोक त्याला 'ग्रेव्हडिगर्स' म्हणतात, कबरी खोदणारे लोक काम आटोपून इथं यायचे म्हणून. आत टीव्ही नाही, गाणं नाही. लाकडी फळ्यांची जमीन, झिजून मध्ये खोलगट झालेली. दुपारची वेळ होती, चार-पाच म्हातारे बसले होते आणि सगळ्यांच्या पुढं एकच काळा ग्लास. खूण हीच. पर्यटक काय पितात ते पाहू नका, दुपारी चार वाजता गावातले म्हातारे काय पितात ते पाहा.

आता ओतणं कसं असतं ते नीट सांगतो, कारण सगळी मेख त्यात आहे. ग्लास कोरडा आणि गार. बारवाल्यानं तो पंचेचाळीस अंशात तिरपा धरला, नळाचा दांडा पुढं ओढला, पाऊण ग्लास भरला आणि काउंटरवर ठेवून दिला. मग तो आमच्याकडं पाठ करून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. ग्लासात बुडापासून वरपर्यंत तपकिरी खळबळ. काचेच्या कडेला नजर लावली तर बुडबुडे खाली जाताना दिसतात. बीअरमध्ये बुडबुडे वर जातात एवढं तरी मला ठाऊक होतं, म्हणून मी वाकून पाहत बसलो. खरं म्हणजे मधले बुडबुडे वरच जातात. त्यांच्यासोबत वर गेलेली बीअर कडेनं परत खाली उतरते आणि येताना बारके बुडबुडे ओढून आणते. हळूहळू खालून काळा रंग चढत येतो आणि वर पांढरी पट्टी जमते. ती जमली की बारवाला परत येतो, दांडा उलट बाजूला ढकलून उरलेला पाव भाग भरतो, आणि फेस काठाच्या किंचित वर येऊन थांबतो. सांडत नाही. कंपनीच्या जाहिरातीत या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात असं सांगतात. घड्याळ लावून बसायचं कारण नाही. मधला विसावा दिला की नाही एवढंच बघायचं.

हा फेस म्हणजे तापवून निवलेल्या दुधावरची साय, तेवढा दाट. पिताना बीअर त्याच्या खालून येते आणि फेस जागचा हलत नाही. याचं कारण नायट्रोजन. आपल्या बीअरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून ती जिभेला टोचते आणि ढेकर येतो. गिनीजच्या नळातून येणाऱ्या मिश्रणात नायट्रोजन जास्त, कार्बन डायऑक्साइड कमी. नायट्रोजन पातळ पदार्थात सहजासहजी मुरत नाही, म्हणून बुडबुडे अगदी बारीक होतात आणि फेस टिकतो. ही युक्ती कंपनीत कामाला असलेल्या मायकेल अ‍ॅश नावाच्या गणितज्ञानं काढली आणि १९५९ मध्ये ती बाजारात आली. माझं दुकान युरियावर चालतं, नायट्रोजनची किंमत मला कोणी सांगायला नको. पण तो असाही कामाला येतो हे साठीला टेकल्यावर कळलं.

चव सांगायची तर पहिल्या घोटाला भाजलेल्या धान्याची कडवट चव. मोड न आणलेला जव काळा होईस्तोवर भाजून घालतात, रंगही त्याचाच. उजेडासमोर धरा, काळा नाही, गडद लाल दिसेल. गोडवा नावाला. गार आहे, पण आपल्याइतकी नाही. आणि अल्कोहोल सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या स्ट्राँगच्या निम्मं. ज्याला बाटली संपेपर्यंत 'बसली पाहिजे' असं वाटतं त्यानं हा खर्च करू नये. मला ते आवडलं. दोन पाइंट घेऊन घरी गेलो तरी लेकीशी सरळ बोलता येतं.

ग्लास चांगला होता की नाही हे संपताना कळतं. दर घोटाला फेसाचं एक वळं काचेला चिकटून राहतं, आणि रिकाम्या ग्लासावर ती एकाखाली एक मोजता येतात. वळी नसली तर ग्लासाला कुठं तरी तेलकटपणा राहिलाय, नाहीतर नळी धुतलेली नाही. दुसरं म्हणजे खप. पिंप ५० लिटरचं असतं, पाइंट ५६८ मिलिचा, म्हणजे एका पिंपात ८८ ग्लास. ज्या पबात ते पटापट संपतं तिथं माल ताजा. जिथं पंधरा प्रकारचे नळ आहेत आणि गिनीज कोपऱ्यात आहे, तिथं ते किती दिवस पडून आहे कोणास ठाऊक. उघडलेल्या कीटकनाशकाच्या डब्याबद्दल मी शेतकऱ्यांना जे सांगतो तेच. (पितानाचा विचार म्हणून हा फार बरा नाही, पण धंदा डोक्यातून जात नाही.)

जावयासमोर ग्लास उचलायचं मला जड जात होतं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्याकडं सासरा-जावई एका टेबलावर घेऊन बसले तर वर्षभर गावाला विषय पुरतो. तो म्हणाला, "मामाजी, आजूबाजूला पाहा ना." पाहिलं. शेजारी आजी, तिचा मुलगा आणि नातू, तिघांपुढं ग्लास. आजीचा अर्धा पाइंट. आमच्या मंडळींपुढं चहाची किटली. ती माळकरी, पण पबात चहा पीत बसायला तिला काही वाटलं नाही आणि कोणी वळून बघितलंही नाही. माझ्याकडं पाहून एवढंच बोलली, "अवो, मिशीला फेस लागला, पुसा आधी."

तिनंच विचारलं की यात मांसमच्छी तर नसते ना. हसू नका, प्रश्न अगदी बरोबर होता. गिनीज निवळून स्वच्छ व्हावी म्हणून पूर्वी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ त्यात वापरत. तो बंद करणार असं कंपनीनं २०१५ मध्ये जाहीर केलं, आणि आता ती त्याच्याशिवाय होते. म्हणून हिनं प्यायली असं नाही. जावयाचे दोन कॅन घरच्या फ्रीजमध्ये भाजीशेजारी राहू दिले, एवढा फरक पडला.

आता खाणं. कॅव्हनाकडं 'कॉडल' मिळतं, हा मी म्हटलेला अपवाद. डब्लिनचा जुना गरिबाघरचा पदार्थ : डुकराचे सॉसेज, खारवलेल्या मांसाच्या चकत्या, कांदा आणि आलू, सगळं एका भांड्यात पाणी घालून शिजवलेलं. तळणं नाही, परतणं नाही, हळद नाही, तिखट नाही. रंग फिकट करडा. सावजी जेवून वाढलेल्या माणसानं ताट पाहून आशा सोडावी असा. पण पावसात भिजून आत येऊन गरम प्यालं तर बरं लागतं. मिरपूड दोनदा मागून घेतली. तिखटाची सोय आम्ही घरूनच केली होती, भिवापुरी मिरचीची पूड. सुटकेसमधली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच ठरली. लेकीच्या शेजारणीला चिमूटभर दिली तर ती बिचारी दहा मिनिटं नळाशी उभी.

बाकी बहुतेक चांगल्या पबांत मिळतात ते वेफर्स आणि भाजलेलं सँडविच. साउथ विल्यम स्ट्रीटवरच्या ग्रोगन्समध्ये हेच सँडविच नाव काढून आहे. पावाच्या दोन चकत्यांत हॅम, चीज, कांदा, टमाटर, आणि बाजूला मोहरीची झणझणीत चटणी. हॅम नको म्हटलं की नुसत्या चीजचं करून देतात, त्यामुळं ही तिथं पोटभर जेवली. आयर्लंडातला मोहरीचा तो एकच पदार्थ माझ्या नाकापर्यंत पोचला. ग्रोगन्समध्येही टीव्ही नाही. पाइंट चांगला, बसायला जागा मिळणं मुश्किल, पण बाहेर रस्त्यावर टेबलं असतात. पूलबेग स्ट्रीटवरचं मलिगन्स १८५४ पासून त्याच जागी आहे. तिथला पाइंट मला कॅव्हनापेक्षाही किंचित उजवा वाटला, पण तिथं खायच्या नावानं वेफर्सच. साध्या पबात भाव सहा युरोच्या आसपास, थोडा मागं-पुढं.

वेफर्सबद्दल मात्र सविस्तर लिहिलंच पाहिजे. 'टेटो' नावाची कंपनी, १९५४ मध्ये जो मर्फी नावाच्या माणसानं काढलेली. तोपर्यंत आलूचे वेफर्स म्हणजे फार तर मीठ. चीज-कांद्याची चव वेफर्सना लावून विकायला यानं सुरुवात केली. ती लोकांच्या इतकी डोक्यात बसलीय की पावाच्या दोन तुकड्यांना भरपूर लोणी लावून मध्ये हे वेफर्स दाबून भरतात आणि सँडविच म्हणून खातात. धडधाकट, शिकलेली, नोकरी करणारी माणसं. मला वाटलं लेक गंमत करतेय. खाऊन पाहिलं तर थांबता येईना. लोणी तिथलं फारच चांगलं, पिवळंधमक, गवतावर चरणाऱ्या गायींचं. त्या लोण्यात काहीही घालून दिलं तरी माणूस खाईल. जाता जाता : उत्तर आयर्लंडात याच नावाची दुसरी कंपनी आहे, पाकीटही वेगळं, आणि कोणतं खरं यावर वाद घालणारे लोक आहेत. शेगावच्या कचोरीच्या दुकानांवरून आपल्याकडं कमी भांडणं होतात का?

आलूचा सोस पाहून सुरुवातीला करमणूक होते. दुपारी बऱ्याच मोठ्या पबांत 'कार्व्हरी' असते. रांगेत उभं राहायचं, पांढरी टोपी घातलेला माणूस भाजलेल्या मांसाचे काप करून ताटात घालतो, मग आलू. कुस्करलेला आलू, भाजलेला आलू, आणि वरून विचारतात, तळलेला हवा का? तिन्ही एका ताटात घेतात. लसान्या मागवला, म्हणजे इटलीचा पिठाच्या थरांचा पदार्थ, तर त्याच्यासोबतही तळलेला आलू आणि कोबीची कोशिंबीर. आमच्याकडं आलूची भाजी आणि आलूबोंडा एका पंगतीत वाढला तर वाढप्याला बोलणी बसतील.

पण करमणूक फार टिकली नाही. लेकीच्या घरी टीव्हीवर हवामानाचा अंदाज लागला होता, आणि त्यात आलूवरच्या करप्याचा इशारा दिला. थेट. दमट हवा आहे, करपा येऊ शकतो, सावध राहा. हा रोग माझ्या रोजच्या ओळखीचा. उशिरा येणारा करपा, फायटोफ्थोरा. आलू-टमाटरवर त्याचं औषध मी दर हंगामात विकतो. तोच १८४५ मध्ये आयर्लंडात शिरला. गरिबांच्या पोटाला दुसरं काही नव्हतं, आणि शेतात बहुतेक एकाच जातीचा आलू, 'लंपर'. सगळा एकदम सडला. पुढच्या सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण यावर चालतं हे लोकांना कळायला १८८० चं दशक उजाडलं. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आलेली ज्यानं पाहिलीय त्याला एकाच पिकावर सगळं टाकण्यातला धाक समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर ताटातल्या तिसऱ्या आलूवर मी काही बोललो नाही.

शाकाहारी माणसाचं कसं होतं हे बायकांनी मला खास विचारलंय. होतं. आजचं सूप म्हणून जे मिळतं ते बहुतेक भाजीचं असतं, आधी विचारून घ्या. त्यासोबत येणारा तपकिरी सोडा ब्रेड हा माझ्या मते त्या देशातला सगळ्यात चांगला पदार्थ. त्यात यीस्ट नाही, मळत बसणं नाही. जाड गव्हाचं पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. ताकाच्या आंबटपणावर सोडा फुलतो आणि सरळ भट्टीत. हिनं तिथंच शिकून घेतला आणि आता घरी कुकरमध्ये करते, सोबत मिरचीचा ठेचा. आयर्लंडवाल्यांना ते ठेच्याचं डोकं सुचलं नाही, त्यांचं नुकसान. तळलेले आलू मात्र शाकाहारी समजू नका. काही जुन्या दुकानांत ते गायीच्या चरबीत तळतात. विचारलं की खरं सांगतात.

मांस खाणाऱ्यांसाठी : सकाळच्या ताटातली काळी चकती म्हणजे डुकराचं रक्त आणि धान्य. आमच्याकडं बकऱ्याची रक्ती आवडीनं खातात, त्यामुळं मला तिचं नवल वाटलं नाही, फक्त मसाला कमी वाटला. दक्षिणेकडच्या कॉर्क शहरात 'ड्रिशीन' म्हणून याचाच मऊ, लिबलिबीत भाऊ मिळतो, १७८८ पासून चालू असलेल्या इंग्लिश मार्केटमध्ये. एक घास पुरे झाला. आणि 'स्पाइस बॅग' चुकवू नका. डब्लिनच्या चायनीज दुकानांतून निघालेला प्रकार : कागदी पिशवीत तळलेला आलू, कुरकुरीत चिकन, कांदा, सिमला मिरची, लाल मिरची आणि मसाला, सगळं हलवून दिलेलं. रात्री पब बंद झाल्यावर पोट्टे रांगा लावतात. वैदर्भी जिभेला तिथं आपलं म्हणावं असं एवढंच.

कॉर्कला गेलात तर गिनीज मागू नका. मागितला तर मिळेल, पण तिथली स्टाउट, म्हणजे अशीच काळी बीअर, वेगळी : मर्फीज १८५६ची, बीमिश १७९२ची. मर्फीज जरा गोडसर आणि कमी कडू, बीमिश बऱ्याच ठिकाणी स्वस्त. मला मर्फीज आवडली आणि हे मी डब्लिनच्या जावयासमोर बोललो नाही.

सगळ्यात जास्त रमलो तो डिंगलला. केरी परगण्यातलं समुद्रकाठचं गाव, डब्लिनहून रेल्वेनं ट्रलीपर्यंत आणि पुढं बस. तिथं फॉक्सी जॉन्स नावाचा पब आहे. एका बाजूला हार्डवेअरचं दुकान, खिळे, स्क्रू, रंगाचे ब्रश, आणि समोरच्या काउंटरवर गिनीजचा नळ. पूर्वी आयर्लंडच्या खेड्यात ही रीतच होती, किराणा आणि दारू एकाच छपराखाली. काही ठिकाणी पबवालाच अंत्यविधीचंही सामान पुरवायचा. जवळच डिक मॅक्स. तिथं जुनं चपला-जोड्यांचं दुकान होतं, अजून एका बाजूला चामड्याचे पट्टे टांगलेले दिसतात. दोन्हीकडं पाइंट उत्तम. दुकानदार म्हणून मी फॉक्सी जॉन्सचा हिशेब बराच वेळ मांडला. माझ्याकडं शेतकरी येतो, पंप दुरुस्तीला टाकतो आणि तासभर बाकावर बसून राहतो. त्या तासाचं उत्पन्न मला शून्य आहे. ही म्हणाली, "वर्धा जिल्हा आहे, विसरा."

वागायचे नियम थोडक्यात. टेबलावर बसून वाट पाहत राहिलात तर कोणी येणार नाही. काउंटरवर जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे, ग्लास स्वतः आणायचा. काउंटरवर टीप देत नाहीत. चौघं बसले असाल तर प्रत्येकानं आळीपाळीनं सगळ्यांचे ग्लास आणायचे. आपली पाळी आल्यावर बाथरूमला जाणाऱ्याची तिथंही कळंबइतकीच बदनामी होते. सोम ते गुरु रात्री साडेअकराला बंद, शुक्रवार-शनिवारी साडेबाराला, रविवारी अकराला. उशिराचा परवाना असलेल्या जागा वेगळ्या. लहान मुलांना साधारण रात्री नऊपर्यंत, उन्हाळ्यात दहापर्यंत बसू देतात. आत धूम्रपान बंद, तेही २९ मार्च २००४ पासून. कामाच्या सगळ्या जागांवर अशी देशभर बंदी घालणारा पहिला देश हाच. खर्रा नेऊ नका, थुंकायला जागा नाही. गाडी चालवणार असाल तर पिऊ नका, मर्यादा फार कमी आहे आणि पोलीस रस्त्यात फुंकायला लावतात. आणि ड्राय डे फक्त आपल्याकडंच असतो असं समजू नका : १९२७च्या कायद्यानं गुड फ्रायडेला सगळे पब बंद असायचे, २०१८ पासून ते उघडे राहायला लागले. नव्वद वर्षं लागली त्यांना. आमचं अजून चालू आहे, आणि तालुक्यातल्या बायकांना विचाराल तर चालूच राहावं म्हणतात. मलाही मनातून तेच पटतं, गिनीज कितीही आवडली तरी.

'येताना आणला काऊन नाही?' याचंही उत्तर देऊन ठेवतो. विमानतळावर माणशी दोन लिटरची सूट असते, कळंबच्या मित्रानं चार कॅन सांगितलेही होते. पण नागपूरहून कळंबला जाणारा रस्ता आमच्याच जिल्ह्यातून जातो. साठीला टेकलेल्या माणसानं बायकोसोबत, गळ्यात तिच्या तुळशीची माळ, नाक्यावर डिक्की उघडून उभं राहायचं का? त्याला टेटोची पाकिटं दिली. पावात भरून खा म्हणालो तर त्यानं माझ्याकडं फार वेळ पाहिलं.

नागपूरवाल्यांना ती अडचण नाही. कॅन आणलाच तर त्यात एक प्लास्टिकचा गोळा खुळखुळतो, त्याला घाबरू नका; नायट्रोजन त्यातच असतो आणि झाकण उघडलं की तो फेस करतो. कॅन आडवा न ठेवता रात्रभर गार करा, उघडल्याबरोबर मोठ्या, कोरड्या ग्लासात एका दमात सगळा ओता, आणि खालपासून काळा होईपर्यंत हात लावू नका. मलिगन्सची चव येत नाही. टेंपल बारच्या त्या पहिल्या पाइंटपेक्षा मात्र नक्की बरी लागते.